पतासीची सोयरीक

भुसावळ
१२ नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षा हिस,

तुझ्या माहितीसाठी कळवते की भुसावळला तुझी एक आजी असते. नाव मीराबाई. वय अठ्ठ्याहत्तर, दात अकरा. तुझ्या बापाला, म्हणजे भगवानला, तिनंच जन्म दिला. जयपूरला खातीपुऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती सहा वर्षं तुझ्याच खोलीत झोपायची आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे घोरायची. एवढ्यावरून ओळख पटली तर पुढे वाच. नाही तर पाकीट पोस्टमनला परत दे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पत्र टाकते म्हणाली होतीस. तो होऊन महिना झाला. फोन करते असं म्हणू नकोस. फोनवर तुझा आवाज मला विहिरीत पडलेल्या बादलीसारखा येतो. आणि फोन एकदाच बोलतो. पत्र मी इंदुबाईकडून चारदा वाचून घेते. इंदुबाई म्हणजे शेजारची, अंगणवाडीतून रिटायर झालेली. मी बोलते, ती लिहिते. मधेमधे स्वतःचं घुसडते. ते तुला अक्षरावरून कळणार नाही, शहाणपणावरून कळेल.

भगवानची बदली कोट्याला झाली, तुझी आई त्याच्यासोबत गेली, आणि तू नोकरीसाठी खातीपुऱ्यातच खोली घेऊन एकटी राहिलीस, एवढं कळलं. नोकरी कसली ते मात्र कळलं नाही. भगवान म्हणतो, "आई, ती कुत्र्यांना सल्ला देते." आपल्या घरात पहिली एम. ए. झालेली पोरगी, आणि कुत्र्यांना सल्ला? कुत्री ऐकतात तरी का? तुझा बाप तर कधी ऐकत नव्हता.

नीट उलगडून लिही. जय भीम.

मीराबाईचा अंगठा

(शहाणपण आढळल्यास ते माझे समजावे. – इंदुबाई)


जयपूर
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजी,

जय भीम. सॉरी, सॉरी, सॉरी. लिहायला बसले की माझ्या मराठीत हिंदी घुसते, म्हणून टाळत होते. इंदुमावशींनी हसू नये.

पप्पांचं ऐकू नकोस. आमचं शेल्टर आहे. गाडीखाली आलेली, घरातून काढलेली कुत्री-मांजरं इथे येतात. बरी झाली की त्यांना घर शोधायचं, हे माझं काम. लोक बघायला येतात. मी त्यांना विचारते, घरात कोण कोण आहे, घर स्वतःचं की भाड्याचं, गावाला गेलात तर मागे कोण बघणार. मग त्यांच्या घरी जाऊन बघते. मग फॉर्म. पुन्हा महिन्याने चौकशी. सल्ला माणसांना द्यायचा असतो, आजी. कुत्र्यांना लागत नाही.

आत्ता माझ्या टेबलाखाली पतासी बसली आहे. इथे पाणीपुरीला पतासी म्हणतात, ते तुला आठवत असेल. रंग तसाच आहे, म्हणून ते नाव. दहा वर्षांची आहे. विद्याधर नगरमध्ये एक रिटायर मास्तरजी होते, त्यांची. मास्तरजी वारले, मुलगा आला, घर विकलं आणि हिला आमच्या गेटला बांधून निघून गेला. दोन वर्षं झाली. सगळ्यांना पिल्लू पाहिजे असतं, म्हातारी कुणी मागत नाही. बाहेर स्कूटरचा आवाज आला की ही उठते, बघते आणि परत बसते. मतलब, दोन वर्षं झाली तरी.

पण परवा एक जोडपं आलं. मिलिटरी स्टेशनमधले हवालदार दिनकर आणि त्यांची बायको अलका. मी हिंदीत बोलत होते. पतासी बाहेर आली तेव्हा अलकाताई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "अहो, हिचे डोळे बघा ना. माझ्या वडिलांसारखे." आजी, माझ्या हातातलं पेनच थांबलं. पप्पा कोट्याला गेल्यापासून पाच महिने समोरून कुणाचं मराठी ऐकलं नव्हतं. ते पाचोऱ्याचे आहेत! मग आम्ही दोन तास बोललो, त्यातली दहा मिनिटं पतासीवर.

त्यांना पतासीच पाहिजे. प्रॉब्लेम असा की त्यांचं क्वार्टर बघायला मिलिटरी एरियाचा पास लागतो. दोन-तीन आठवडे जातील. आमचे सर म्हणतात, घर बघितल्याशिवाय जनावर द्यायचं नाही, तो नियम आहे. मला भीती वाटते की तोपर्यंत यांचं मन बदलेल. हिला दुसरं कुणी येणार नाही.

तू काय म्हणतेस?

तुझी,
उत्कर्षा


भुसावळ
३ डिसेंबर २०२४

चि. उत्कर्षा,

आता समजलं. तू सोयरिकी जमवतेस. मग तसं सरळ सांगायचं. आमच्या वेळी हे काम करणाऱ्याला दोन्हीकडून चहा मिळायचा आणि पुढे दोन्हीकडून शिव्या. तुला निदान अर्ध्या गिऱ्हाइकांकडून शिव्या मिळणार नाहीत, ती भुंकतील फक्त.

पतासीचं विचारलंस. वय गेलेल्या पोरीला स्थळ आलं आहे, ते चांगलं आहे, आणि तू पास काढत बसली आहेस. पाचोरा म्हणजे काय लंका आहे? इथून पॅसेंजरनं दीड तास. घर बघायचं ते परक्याचं. आपल्या माणसाचं घर बघायला जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं की तुझ्यावर भरवसा नाही. जी बाई कुत्रीच्या डोळ्यांत बापाचे डोळे बघते ती तिला उपाशी ठेवील का? तुझ्या सरांनी नियम केला तेव्हा त्यांना आपली माणसं भेटली नसतील.

देताना मात्र तोंडानं नीट बोल. नुसता फॉर्म पुढे सरकवू नकोस. म्हण, "पोरगी दिली ती दिली. आता बरंवाईट तुमच्या घरचं. माघारी आणायची नाही." असं म्हटलं की घेणाऱ्याच्या खांद्यावर वजन पडतं. सुलोचनाला, तुझ्या आत्याला, बडनेऱ्याला दिली तेव्हा मी भर मांडवात हेच म्हटलं होतं.

(हे शेवटचं वाक्य लिहू का, असं मी विचारलं. मीराबाई म्हणाल्या, सांगितलं तेवढं लिही. – इं.)

इंदुबाईनं आत्ता कंसात काहीतरी लिहिलं. मला अक्षर येत नाही, पण पेन किती वेळ चाललं ते दिसतं.

थंडी सुरू झाली असेल. माझी जुनी गोधडी काढ. वास येत असेल तर तो माझा आहे, सहन कर.

मीराबाईचा अंगठा


जयपूर
१८ डिसेंबर २०२४

प्रिय आजी,

दिली! रविवारी पतासी गेली.

तू म्हणालीस तसंच केलं. घर बघायला गेले नाही. फॉर्मवर "घर पाहिले" अशी एक चौकट असते, तिथे खूण करून टाकली. सरांना माहीत नाही. थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण अलकाताईंनी मोबाइलवर क्वार्टरचे फोटो दाखवले होते. छोटं अंगण आहे, तुळस आहे, ऊन येतं. बस, अजून काय पाहिजे.

फॉर्मच्या शेवटी एक वाक्य असतं, ते मी प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवते. जनावर सांभाळणं जमलं नाही तर ते आमच्याकडेच परत आणावं, आम्ही कधीही घेऊ. ह्या वेळी नाही वाचलं. तुझं वाक्य म्हणायचं होतं ना. त्याच्यानंतर हे वाचणं म्हणजे मांडवात बसून घटस्फोटाची गोष्ट काढणं. म्हणून फक्त तुझं म्हटलं. "पोरगी दिली ती दिली. माघारी आणायची नाही हं." दिनकरभाऊ हसले, म्हणाले, "मॅडमजी, हुकूम." अलकाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्या हातात तिळाच्या वड्यांचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही हिच्या माहेरच्या."

पतासी गाडीत आपणहून चढली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मागच्या काचेतून बघत होती. मी हात हलवला, मग आत जाऊन फालतूमध्येच रजिस्टर लिहीत बसले.

थँक यू, आजी.

तुझी,
उत्कर्षा


भुसावळ
२० फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षा,

दोन महिने झाले. शाई महाग झाली का?

संक्रांत गेली, आंबेडकर चौकातल्या शाळेचं गॅदरिंग गेलं, इंदुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं लिहायला बंदी केली होती. ती उठल्याबरोबर मी पेन तिच्या हातात दिलं, म्हणून तिची सून माझ्याशी बोलत नाही. तर एवढ्या किमतीचं हे पत्र आहे. त्याला उत्तर दे.

पोरगी सासरी रमली का? महिन्यानं चौकशी करते म्हणाली होतीस. अलकाच्या हातचं अन्न खाते का? म्हाताऱ्या बाईला नव्या घरात झोप लागत नाही, हे मी खातीपुऱ्याला आले तेव्हाच्या अनुभवावरून सांगते.

मला रोज दुपारी पतासीची आठवण येते. मी तिला बघितलेलंही नाही. इंदुबाई म्हणते, वय झालं.

मीराबाईचा अंगठा


जयपूर
६ मार्च २०२५

प्रिय आजी,

इंदुमावशींना त्रास नको, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते.

मी ठीक आहे. काम खूप आहे. पतासी मजेत आहे. इथे आता थंडी संपली. रविवारी चाकसूला गेले होते, काम होतं. टोंक रोडला बसने तास-सव्वा तास लागतो. तिथे शीतला मातेचा मेळा भरतो, त्याची तयारी चालू आहे. परत येताना उशीर झाला. पप्पा-मम्मी मजेत आहेत. कोट्याला जाणार होते पण रविवारी वेळ नाही मिळत. पुढच्या रविवारी पण चाकसूला जायचं आहे.

पतासी मजेत आहे, काळजी करू नको. अलकाताई पण. पतासी आता मजेत असते.

तुझी,
उत्कर्षा


भुसावळ
१२ मार्च २०२५

उत्कर्षा,

पत्र सहा वेळा वाचून घेतलं.

मजेत असलेल्याचं कुणी तीनदा सांगत नाही. आणि कुत्र्यांच्या सोयरिकी जमवणारी पोरगी रविवारमागून रविवार चाकसूला कसल्या कामाला जाते? मेळ्यात पाळणा लावते का?

मला अक्षर येत नाही म्हणून मला वाचता येत नाही, असं समजू नकोस.

पतासी कुठे आहे?

मीराबाईचा अंगठा

(त्या रागावलेल्या नाहीत. दोन दिवस नीट जेवलेल्या नाहीत. – इं.)


जयपूर
२४ मार्च २०२५

प्रिय आजी,

पतासी परवा मेली.

सगळं क्रमाने लिहिते. जानेवारीत महिन्याच्या चौकशीसाठी अलकाताईंना फोन लावला. बंद. आठवडाभर बंद. पास काढून मिलिटरी एरियात गेले. तोच पास, जो आधी काढायचा होता. क्वार्टरला कुलूप होतं. शेजारच्या म्हणाल्या, हवालदार साहेबांचं पोस्टिंग आलं, तेजपूरला, आसामात. वीस दिवसांत गेले. आजी, फौजी लोकांना मी दरवेळी पहिला प्रश्न हाच विचारते, इथे अजून किती दिवस आहात? त्यांची जयपूरला तीन वर्षं झाली होती, म्हणजे बदली येणारच होती. मी विचारलंच नाही. पाचोऱ्याच्या गप्पा मारत होते.

त्यांचा दूधवाला भैया चाकसूचा आहे. त्याच्याकडे शेत आहे, म्हणून त्यांनी जाताना पतासी त्याला दिली. भैया म्हणाला, तीन दिवस बांधून ठेवली, चौथ्या दिवशी दोर तोडून गेली. म्हाताऱ्या कुत्रीनं दोर तोडला. तो म्हणाला, जयपूरच्या रस्त्याला लागली असेल.

मी सात रविवार गेले. ढाब्यांवर फोटो दाखवले. लोक म्हणायचे, मॅडमजी, अशी तर पन्नास आहेत. मेळ्याच्या तीन दिवस आधी, देवीच्या डुंगरीच्या, म्हणजे टेकडीच्या, खाली दुकानांचे तंबू लागत होते, तिथे एका गाड्याखाली सापडली. मी हाक मारली तर उठली नाही, पण शेपूट हलली. मागचा एक पाय मोडून तसाच जुळला होता. शेल्टरला आणलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं. तिनं काही खाल्लं नाही. माझ्या टेबलाखाली ठेवा म्हटलं, सरांनी ठेवू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

सरांना सगळं सांगितलं. खोटी खूण पण. त्यांनी तो फॉर्म काढला, बघितला आणि परत फाइलमध्ये ठेवला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

अलकाताईंचा मेसेज आला होता. मोठा होता. त्यात काय होतं ते मी इथे लिहीत नाही. चूक माझी आहे, घर न बघण्याची. तू वाईट वाटून घेऊ नको, तू तर इतक्या लांब होतीस.

राजीनामा लिहिला आहे. एक तारखेला देणार. मी कुणाला घर देण्याच्या लायकीची नाही.

उत्कर्षा


भुसावळ
३० मार्च २०२५

माझ्या उत्कर्षाला,

इंदुबाईला सांगितलं आहे की आज कंस नको, आणि मी थांबले तरी पेन उचलायचं नाही.

अलकाच्या मेसेजमध्ये काय होतं ते तू माझ्यापासून लपवलंस. मी सांगते. "ताई, बदली आली तेव्हा पतासीला तुमच्याकडेच परत आणणार होतो. पण तुम्ही म्हणाला होता, दिली ती दिली, माघारी आणायची नाही. मग कोणत्या तोंडानं आणणार?" शब्द पुढेमागे असतील. अर्थ हाच असणार. ती बाई वाईट नाही. परत आणायला तिला लाज वाटली, आणि ती लाज माझी होती. मी तुझ्या तोंडी दिली, तू तिच्या घरात ठेवलीस.

मला कसं कळलं, तर ऐक.

सुलोचनाला बडनेऱ्याला दिली तेव्हा तिचं घर आम्ही बघितलं नाही. रेल्वेतली माणसं, आपल्यातली माणसं, विहारात ओळख झालेली. तुझे आजोबा म्हणाले होते, एकदा जाऊन येऊ. मीच म्हटलं, आपल्या माणसाचं घर काय बघायचं. वर्षभरानं ती आली. भगवान दहावीला होता. दुपारच्या पॅसेंजरनं आली, हातात पत्र्याची पेटी. डाव्या हाताला फडकं बांधलं होतं. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, पोळलं. मी पुढे विचारलं नाही. मला माहीत होतं की चुलीवर मनगटाच्या आतल्या बाजूला पोळत नाही.

मी तिला चहा दिला. जेवायला घातलं. आणि संध्याकाळच्या गाडीत परत बसवलं. मांडवात शंभर माणसांसमोर बोलले होते ना मी. माघारी आणायची नाही, म्हणून. मग माघारी आलेली घेणार कशी? गाडी सुटताना तिनं खिडकीतून बघितलं नाही. तुझ्या पतासीनं काचेतून तरी बघितलं होतं.

त्यानंतर ती कधी आली नाही. तुझे आजोबा गेले तेव्हाही नाही. नवरा मेला, आता ती तिकडे एका वसतिगृहात पोळ्या लाटते, असं उडत उडत कळलं. चौतीस वर्षं झाली. ह्या चौतीस वर्षांत मी शिकले काय? तर तेच वाक्य उचलून तुला दिलं. शहाणपण म्हणून. वर सुलोचनाचं नावही घेतलं. इंदुबाईनं विचारलं होतं, लिहू का. तिला सगळं ठाऊक आहे. ती मला थांबवत होती आणि मी तिलाच चिडवलं.

तेव्हा "तू इतक्या लांब होतीस" असं मला पुन्हा लिहू नकोस. मी लांब नव्हते. मी फॉर्मच्या टेबलाशीच बसले होते.

खोटी खूण मात्र तुझी. ती माझ्यावर ढकलू नकोस, मी घेणार नाही. ज्याचं त्यानं उचलावं.

राजीनाम्याचं विचारशील तर मी तोंड उघडणार नाही. दे किंवा देऊ नकोस. माझं सांगणं दोघींनी ऐकलं, सुलोचनानं आणि तू, आणि दोन्ही वेळा काय झालं ते बघितलं. फक्त तुमच्या फॉर्ममधलं ते शेवटचं वाक्य इंदुबाईकडून मी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. जमलं नाही तर आमच्याकडेच परत आणा, कधीही घेऊ. कुणी लिहिलं ग ते? कुणा बाईनं लिहिलं असेल तर तिला माझा जय भीम सांग. पुरुषानं लिहिलं असेल तरी सांग. तेव्हा माझ्याकडे असतं ना, तर ते मांडवाच्या खांबाला डकवलं असतं. वाचता आलं नसतं मला, पण डकवलं असतं.

एवढं बोलून दम लागला. इंदुबाई नाक पुसते आहे, कागदावर डाग पडला तर तो तिचा.

आता उपदेश बंद. खाण्याचं तेवढं सांगते, त्यात माझ्या हातून अजून कुणी मेलेलं नाही.

खातीपुऱ्याला समोरच्या क्वार्टरमधल्या भंवरीबाई गणगौरीच्या आधी लेकींच्या सासरी ती जाळीदार घेवर मिठाई धाडायच्या. चार लेकी, चार डबे. मी खिडकीत बसून बघायची आणि तुला म्हणायची, काय बाई हिचा थाट. तो सण आपला नाही. आपल्यात असं काही धाडत नाहीत. पण ह्या वर्षी एक डबा सुलोचनाला पाठव. पत्ता भगवानकडे आहे. तो मला सांगत नाही की आहे, आणि मी त्याला सांगत नाही की मला माहीत आहे. पत्र पोचेपर्यंत गणगौर होऊन जाईल. उशीर झाला तर होऊ दे, तो तसाही झालाच आहे.

पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव घाल. तिनं डबा परत केला तर तो तिचा हक्क आहे, मला कळवू नकोस, तुम्ही तिथे खाऊन टाका. घेवर फिका, म्हणजे बिनपाकाचा घ्यायचा, मावा लावलेला अजिबात नको, चैत्राच्या उन्हात दोन दिवसांत आंबेल. खाली-वर जाड पुठ्ठा घाल, नाही तर चुरा होईल. आणि पाक सोबत देऊ नकोस, वाटेत सांडतो. पाक ती तिथे करून घेईल.